पुदिन्याची काडी आणि नीरेचा पाट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. शाळेत इतिहास शिकताना आपण सर्वांनीच हा अनुभव घेतला आहे. आज मात्र मी तुमच्यापुढे किल्ला ठेवणार नाही, तह ठेवणार नाही. एक पेला ठेवणार आहे. पेला साधा काचेचा. त्यात माठातले पाणी, दोन चमचे साखर, अर्ध्या कागदी लिंबाचा रस, चिमूटभर सैंधव आणि हाताने चुरडलेली पुदिन्याची दहा-बारा पाने. वैशाखातल्या दुपारी शेतावरून आलेल्या माणसाच्या हाती असा पेला दिला, तर तो एका दमात रिकामा करील आणि म्हणेल, "जीव आला बघा!"

यात इतिहास कुठे आला, असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असं, की इतिहास या पेल्यात काठोकाठ भरला आहे. आणि तो दूरदेशीचा जितका आहे, तितकाच आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांचाही आहे.

हा विचार मला सुचला तो वर्गात. एकदा शिकवता शिकवता मी सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी पुदिना आहे?" पुष्कळ हात वर झाले. एक मुलगी तर म्हणाली, "सर, आमच्यात इतका माजलाय, की उपटून टाकावा लागतो." ही सारी मुले पाटाखालच्या गावांची. मागच्या बाकावरची काही मुले मात्र हात खाली ठेवून बसली होती. ती जिराईत भागातली. त्यांतला एक जण म्हणाला, "आमच्याकडं रांजणाचं पाणी खाली सांडूच देत नाहीत. पुदिना कुठनं येणार?"

वाचकहो, एखादा जाडजूड अहवाल वाचून जे समजले नसते, ते मला त्या एका उत्तराने समजले. पुदिना हे सांडलेल्या पाण्याचे रोप आहे. ज्या घरी पाणी सांडण्याइतके असते, तिथे तो माजतो. ज्या घरी ते मोजून वापरावे लागते, तिथे तो उगवत नाही. तेव्हा आपल्या भागात पुदिना विपुल कसा झाला, हा प्रश्न विचारला की पाणी विपुल कसे झाले, कुणाला झाले आणि कुणाला झाले नाही, या प्रश्नाला हात घालावाच लागतो.

आधी या रोपाची ओळख करून घेऊ. पुदिना तुळशीच्या कुळातला. त्याची दांडी बोटांत धरून फिरवून पाहा, तुळशीसारखीच चौकोनी लागेल. ओलाव्यात त्याची खोडे जमिनीलगत आणि जमिनीखाली धावत सुटतात आणि पेरापेराला मुळे फुटतात. म्हणून वीतभर जागेत लावलेला पुदिना दोन पावसाळ्यांत सारा वाफा व्यापतो. बी पेरून पुदिना करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही, कारण बियांपासून आलेले रोप मूळ रोपासारखे निघेल याचा भरवसा नसतो. शेजारणीकडून एक काडी आणायची, तांब्यात पाणी घालून ठेवायची, आठ-दहा दिवसांत मुळे फुटली की लावायची. झालं. म्हणजे आज आपल्या परसात जो पुदिना आहे, तो कुणीतरी कुणालातरी दिलेला आहे, आणि ही देवघेव मागे मागे किती पिढ्यांपर्यंत जाते, ते त्या काडीलाच ठाऊक!

तिचं नावही परक्या देशाची वाट दाखवतं. 'पुदिना' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. पुदिन्याच्या जाती युरोप आणि पश्चिम आशियातल्या ओढ्यानाल्यांच्या काठी पूर्वीपासून होत्या. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात पुदिन्याचा दशमांश देवाला देणाऱ्यांचा उल्लेख आहे. रोमन कवी ऑव्हिड याने दोन हजार वर्षांपूर्वी एक कथा सांगितली. एका गावात दोन देव वेष पालटून फिरत होते. श्रीमंतांनी दारे लावून घेतली. बाउकिस आणि फिलेमोन या गरीब म्हाताऱ्या जोडप्याने मात्र त्यांना घरात घेतले. घरात फारसे काही नव्हते. म्हातारीने लंगडते मेज खापरीचा तुकडा लावून सरळ केले आणि ते हिरव्या पुदिन्याने पुसून घेतले. पाहुण्यासाठी घर सुगंधी करायला गरिबाजवळ दुसरे होते काय? आपल्याकडे दारी आलेल्याला गूळ-पाणी देण्याची जी रीत होती, तिच्याशी या कथेचे किती जवळचे नाते आहे, पाहा.

आता पेल्याकडे वळू. गोड, आंबट आणि सुवासिक पेय करण्याची कला आपल्याकडे फार जुनी. संस्कृतात त्याला 'पानक' म्हणत, आणि आपले 'पन्हे' त्याच शब्दाचे लेकरू आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या पाण्याचा आणि पानकांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आपल्या घरातल्या बायकांनी हा ग्रंथ वाचला नाही, पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे करून त्यांनी ती विद्या जिवंत ठेवली.

'सरबत' हा शब्द मात्र अरबीतला. तिकडे 'पिणे' या क्रियेचा जो धातू, त्यापासून तो झाला. गंमत अशी, की 'शराब' हा शब्दही त्याच धातूचा. मूळ अर्थ नुसता 'पेय' एवढाच. म्हणजे सरबत आणि शराब ही सख्खी भावंडे. एक घरात राहिले, दुसरे वाया गेले! साखरेचे उलट आहे. ती इकडून तिकडे गेली. आपल्या 'शर्करे'चे फारसीत 'शकर' झाले, अरबीत 'सुक्कर' झाले, आणि इंग्रजांची 'शुगर' त्याच वंशातली. गुलाबपाण्याला फारसीत 'गुलाब' म्हणत. अरबांनी त्याचे 'जुलाब' केले, युरोपात तेच गोड औषधी पेयाचे नाव होऊन 'जुलेप' झाले. औषध गिळवत नाही म्हणून ते या गोड पाण्यातून देत. आपण ज्या अर्थाने 'जुलाब' म्हणतो, तोही वैद्यांच्या त्याच औषधी पाण्यावरून रूढ झाला!

पुढे हा जुलेप समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या व्हर्जिनिया प्रांतात मद्य, साखर आणि पुदिना यांचे पेय त्या नावाने प्रसिद्ध होते. १८०६ साली न्यूयॉर्क प्रांतातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने 'कॉकटेल' या शब्दाचा खुलासा छापला : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण. क्यूबा बेटात तर उसाची रम, लिंबू, साखर, सोडा आणि पुदिना यांचे 'मोहितो' नावाचे पेय जगप्रसिद्ध झाले. ऊस, लिंबू, पुदिना! यादी वाचताना आपल्याला वाटावे, की हे बारामतीच्या बाजारातले सामान आहे. त्यातली रम काढून टाका, जे उरते ते आपले सरबतच.

अशा मिश्र पेयांच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचेही एक लहानसे नाते आहे. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य शिवाजी महाराजांच्या काळात हिंदुस्थानात आला. तो जुन्नरलाही जाऊन आला होता. त्याने आपल्या प्रवासवृत्तात 'पंच' या पेयाविषयी लिहिताना सांगितले, की त्यात पाच वस्तू असतात म्हणून त्याला इथल्या भाषेतल्या 'पाच' या अंकावरून नाव पडले. सर्वच पंडित हे मान्य करीत नाहीत. पण आपल्या पेल्यातल्या वस्तू मोजा बरं : पाणी, साखर, लिंबू, मीठ आणि पुदिना. पाचच भरतात.

या पाचांत सर्वांत स्वस्त वाटते ते पाणी. आणि आपल्या भागाच्या इतिहासात सर्वांत महाग पडले तेही पाणीच.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि इकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. सरासरीने वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही मनाला येईल तेव्हा. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत आर्या रचीत होते तेव्हाही उन्हाळ्यात नदीपात्रात वाळूच अधिक दिसत असणार. भीमथडीची तट्टे काटक म्हणून नावाजलेली. मला वाटते, इथल्या माणसांनाही जमिनीने तसेच काटक करून ठेवले होते.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी शेतसारा ठरवायला घेतला. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास बसवलेला सारा इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीला झेपला नाही. पुष्कळ जमीन पड पडली, माणसे गाव सोडून गेली. म्हणून १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी मोजणी आणि नवा आकार लागू केला. तो तीस वर्षांसाठी कायम केला होता. मुंबई इलाख्यातल्या रयतवारी मोजणीची पद्धत पुढे याच नमुन्यावर वाढली. म्हणजे साऱ्या इलाख्याला धडा शिकवला तो इंदापूरच्या ओसाड रानांनी.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा वाढला. पाऊस काही वाढला नाही. कर्ज मात्र वाढत गेले. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, दस्तऐवज आणि वह्या हिसकावून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणाची ठिणगी पडली ती याच सुप्यात. आणि पाठोपाठ १८७६ चा भीषण दुष्काळ आला. माणसे आणि जनावरे तडफडली.

या दुष्काळाने सरकारला जाग आणली असे म्हटले पाहिजे. नीरा नदीवर वीर येथे बंधारा घालून तिथून डाव्या तीराने सुमारे शंभर मैलांचा पाट काढण्याचे काम जोराने पुढे गेले, आणि १८८५ साली पाटाला पाणी सुटले. पाण्याच्या साठ्यासाठी भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १८९० नंतरच्या काळात पुरे झाले. पुढे १९२० च्या दशकात त्याच्याजवळच अधिक उंच धरण बांधले गेले आणि जुने धरण त्याच्या पाण्यात बुडाले.

पाट आला म्हणजे लगेच सारे बागाईतदार झाले, असे मात्र समजू नका. सुरुवातीला पावसाळा बरा झाला, की पाटाचे पाणी घ्यायला फारसे कुणी पुढे येत नसे. पाणीपट्टी भरायची, वर ऊस लावायला भांडवल घालायचे, हे कर्जात बुडालेल्या कुणब्याला कसे परवडावे? हळूहळू मात्र हिंमत वाढली. सासवडकडचे माळी बागाईतदार पाटाच्या काठी येऊन राहिले. बागाईतीचा त्यांचा हात कसलेला. त्यांच्या शेजाराने इतरही शिकले. गुऱ्हाळे सुरू झाली, बारामतीच्या पेठेत गुळाच्या ढेपा येऊ लागल्या. सासवडच्या याच माळी मंडळींनी पुढे १९३२ साली नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांचा कारखाना उभा राहिला आणि माळरानावर वालचंदनगर वसले. १९५० नंतर सहकाराचे युग आले. माळेगावसारख्या ठिकाणी शेतकरी स्वतःच कारखान्याचे भागीदार झाले. गूळ-पाण्यातल्या गुळाच्या जागी घराघरांत साखर आली ती अशी.

इथवर कथा गोड आहे. पण साखरेला मुंगी लागते, तशी हिलाही लागली.

पाणी हाताशी आले तेव्हा 'जितके जास्त तितके बरे' असा समज झाला. उसाला पाणी, पुन्हा पाणी, वर पाणी. काळ्या जमिनीतून त्याचा निचरा होईना. खालचे पाणी वर चढले आणि आपल्याबरोबर क्षार घेऊन आले. जमिनीवर पांढरा फुफाटा दिसू लागला. त्याला आपण मीठफुटी म्हणतो. सोन्यासारखी राने चोपण झाली. १९१० साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. पाटाला पाणी सुटून उणीपुरी पंचवीस वर्षे झाली होती! अति तेथे माती म्हणतात. इथे तर मातीचीही माती झाली.

त्याच्या आधी, १९०० च्या सुमारास, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागात पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर होते. पाण्याची नासाडी आणि वरच्या-खालच्यांची ओढाताण त्यांनी पाहिली. त्यांनी नीरेच्या पाटासाठी गटपद्धत सुचवली. जमिनीचे ठराविक गट पाडायचे, त्या गटांना पाण्याची हमी द्यायची, ऊस गटाच्या काही भागातच लावायचा आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची. त्यामागचा विचार साधा होता : पाणी थोड्यांच्या शेतात साचू देऊ नका, पुष्कळांच्या शेतांवर पसरा. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. हा विचार जुना झाला आहे, असं तुम्हांला वाटतं का? मला तरी तो आज सकाळी कुणीतरी बोलल्यासारखा वाटतो.

कारण पाटाला तोंड असते तसे शेपूटही असते. तोंडाकडच्या गावाची पाळी आली की दंड भरून वाहतात. शेवटाकडच्या गावाला पाटकऱ्याची वाट पाहत रात्र काढावी लागते, आणि कधी कधी आवर्तन संपते तेव्हा चारीत नुसता ओलावा उतरलेला असतो. सुप्याकडच्या जिराईत भागाला तर नीरेच्या या पाटाने शिवलेच नाही. पाट वाहतो तो खालच्या अंगाने. ज्या गावातून १८७५ चा धूर निघाला, त्याच्या आसपासच्या रानांची पाण्यासाठीची धडपड पुढे कित्येक पिढ्या चालू राहिली. आणि १९८० च्या सुमारास भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या काही गावांनी वेगळीच किंमत मोजली. पाणी मिळावे म्हणून झगडणाऱ्या तालुक्यात घरे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ धरणाचे पाणी ओसरले की आजही वर डोके काढते आणि पाहणाऱ्याला या हिशेबाची आठवण करून देते.

आता कळले ना, मागच्या बाकावरच्या मुलांचे हात खाली का होते ते?

इथे पुदिन्याचाच एक गुण आठवतो. माठ पाणी गार करतो तो खरोखर करतो. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पुदिना मात्र पाणी मुळीच गार करीत नाही. पुदिन्याच्या जातींत जे सुगंधी तेल असते, त्यातल्या मेंथॉलसारख्या द्रव्यांनी जिभेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदनांना चाळवले जाते, आणि गारवा नसतानाही मेंदूला गारव्याची वर्दी जाते. आपल्या घरगुती पुदिन्यात मेंथॉल कमी, म्हणून त्याचा गारवाही सौम्य. ही वर्दी देणारे प्रथिन २००२ साली शास्त्रज्ञांनी मेंथॉलच्याच साह्याने ओळखले. त्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना त्वचेला उष्णता आणि स्पर्श कसे कळतात, यावरच्या संशोधनाबद्दल २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पुदिना जिभेला गोड फसवतो. त्यात नुकसान काहीच नाही. पण पाटाकाठची हिरवळ पाहून सारा तालुका हिरवा आहे असे समजणे, ही मात्र महागात पडणारी फसगत आहे. तोंडाकडे राहणाऱ्याला ती फार लवकर होते.

मग परसात माजलेल्या पुदिन्याचे करायचे काय? उपटून उकिरड्यावर टाकायचा? मुळीच नाही. दोन गोष्टी सांगतो.

पहिली सरबताची. पाच-पन्नास माणसांना पुरेल असे करायचे, तर साखरेचा पाक आधी करून ठेवावा. एक किलो साखरेला एक लिटर पाणी घ्या, उकळी आली आणि साखर विरघळली की भांडे खाली उतरवा. मग स्वच्छ धुतलेली दोन मुठी पाने त्यात टाका आणि झाकण ठेवा. पाने चुलीवर उकळू नका, वास उडून जातो. पाक गार झाला की गाळून घ्या. पेल्याला दोन-तीन मोठे चमचे पाक, अर्धे लिंबू, चिमूटभर सैंधव, आणि आवडत असल्यास भाजलेल्या जिऱ्याची पूड. वर माठातले गार पाणी. एखाद-दुसराच पेला करायचा असेल, तर पाने साखरेबरोबर हलक्या हाताने चुरडा. खलबत्त्यात कुटून चटणी केलीत, तर सरबत कडवट होईल. आणखी एक जपा. लिंबू काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात पिळावे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात पिळू नये. आंबटाने धातू उतरतो आणि तो पोटात गेला तर बाधतो.

दुसरी गोष्ट लावणीची. पुष्कळ ठिकाणी पुदिना मोरीच्या पाण्यावर वाढवतात. ते करू नका. आपण तो कच्चा खातो. साबणाचे आणि घाणीचे पाणी ज्याच्या मुळाशी जाते, त्याची पाने कितीही धुतली तरी मनात शंका राहते. रांजणाखाली, हापशाच्या ओट्याजवळ, जिथे स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने सांडते, तिथे एक फुटके घमेले मातीने भरून ठेवा आणि त्यात काडी लावा. घमेल्याला खाली भोक हवे, कारण पाणी साचले तर पुदिन्याची मुळेही कुजतात. नीरेच्या काठच्या जमिनींनी जे सोसले, तेच लहान प्रमाणात! जिराईत गावातल्या घरीही रांजणाचे जे थेंब ठिबकतात, तेवढ्यावर एक घमेले पुदिना जगू शकतो. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांना पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने दुसऱ्याच दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून काड्या आणून दिल्या. मी सांगितले नव्हते. त्यातल्या किती जगल्या, ते मी विचारले नाही. पण मुलांनी त्या नेल्या, हे मी पाहिले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यासाठी एक सूचना. शाळेच्या हौदाजवळ पुदिन्याचा एक लहान वाफा करा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक दिवस मुलांना घेऊन सरबत करा. मग प्रत्येक मुलाला एक वस्तू वाटून द्या. एकाने साखर कुठून आली ते शोधावे, दुसऱ्याने पाणी. घरातल्या आजी-आजोबांना विचारावे : तुमच्या लहानपणी पाहुण्याला काय देत? विहिरीवर मोट होती का? गावात पाटाचे पाणी कोणत्या साली आले? आले नसेल, तर का आले नाही? १९७२ च्या दुष्काळात आपल्या घरची माणसे कोणत्या कामावर खडी फोडायला गेली होती? ही उत्तरे पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. ती ओसरीवर बसलेली आहेत, आणि वर्षावर्षाला कमी होत आहेत. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली, तर गावाचा इतिहास गावातच लिहिला जाईल.

शेवटी एकच सांगतो. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत सराटीला नीरेच्या काठी येते. तिथे पादुकांना नीरेचे स्नान घडते. हजारो वारकरी या दोन तालुक्यांतून चालत जातात. रस्त्याकडेच्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी तांब्या घेऊन उभा असतो. त्या गावाला पाटाचे पाणी आहे की टँकरचे, हे वारकऱ्याला कळत नाही, कारण पाणी देणारा हात दोन्हीकडे सारखाच पुढे येतो. ज्या भागाने शतकानुशतके पाणी मोजून वापरले, त्या भागाने ते देताना मात्र कधी मोजले नाही. हाच आपला खरा वारसा आहे.

तेव्हा यंदा तुमच्या परसात पुदिना माजला असेल, तर वारीच्या वाटेवर एक पिंप सरबताचे ठेवा. आणि ज्याच्या घरी तो नाही, त्याच्या हाती एक काडी द्या. काडी दिल्याने आपला वाफा कमी होत नाही. पाण्याचे तसे नाही. ते दिले की कमी होते. म्हणूनच ते वाटून घ्यायला शहाणपण लागते, आणि ते शहाणपण आपल्याला आपल्याच इतिहासातून शिकावे लागेल.